भरून ठेवलेलं पाणी

आई आमच्याकडे नेदरलँड्समध्ये हेगला आली, त्याच्या तिसऱ्या रात्रीची गोष्ट. पहाटे तीन-सव्वातीनला नळाच्या आवाजाने मला जाग आली. धार बारीक होती, कुणाची झोप मोडू नये म्हणून मुद्दाम बारीक ठेवलेली. स्वयंपाकघरात गेले तर दिवा बंद, रस्त्यावरच्या खांबाचा पिवळा उजेड ओट्यावर पडलेला, आणि आई अंगावर शाल घेऊन नळापाशी उभी. कुकर भरलेला, त्यावर ताट. दोन पातेली भरलेली, त्यांवर ताटल्या. चहाची किटली भरलेली. पोराची शाळेची बाटली भरलेली आणि त्याची खेळण्यातली हिरवी झारीसुद्धा भरून खिडकीत ठेवलेली. घरात कळशी नाही म्हणून तिने फुलदाणी घासून घेतली होती आणि आता ती भरत होती. "आई, काय चाललंय?" मी विचारलं. ती दचकली नाही. "काही नाही गं, जाग आली. म्हटलं घ्यावं भरून." मी म्हटलं, इथे नळ जात नाही. "हो, तू सांगितलंस की. असू दे. असलं मंजे बरं असतं," असं म्हणून तिने फुलदाणीवर बशी झाकली.

सकाळी शाळेची आणि ऑफिसची घाई होती. कुकर हवा होता, किटली हवी होती, ओट्यावर पोळपाट ठेवायला जागा नव्हती. मी एकेक भांडं उचललं आणि सिंकमध्ये पालथं केलं. आई टेबलाशी चहा पीत बसली होती. ती काही बोलली नाही. शेवटचं पातेलं ओतलं तेव्हा तिने कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

त्या गोष्टीला दोन वर्षं होत आली. ते ओतलेलं पाणी माझ्या मनातून जात नाही.

लातूरला आमच्या गल्लीत नळ रात्री यायचा. कधी तीनला, कधी साडेतीनला. आधी दोन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. आधी नळातून हवा यायची, घसा खरवडल्यासारखा आवाज व्हायचा, आणि त्या आवाजाने सगळी गल्ली उठायची. "नळ आला गं" अशी हाक एका दारातून दुसऱ्या दारात जायची. पहिलं पाणी गढूळ, ते सांडायच्या बादलीत. मग प्यायचं, चौपदरी धोतराच्या फडक्यातून गाळून. मग हौद, टिपाड, बादल्या, आणि शेवटी हाताला येईल ते भांडं. तास-दीड तासात सगळं उरकायचं, कारण तो गेला की पुन्हा कधी येईल ते कुणी सांगू शकत नसे. मी दहावीला होते तेव्हा आई मला उठवायची नाही. पोरीचा अभ्यास आहे, झोपू दे, म्हणायची आणि एकटी भरायची. लातूर पॅटर्न म्हणून आमच्या शहराचं नाव राज्यभर झालं, पोरं बोर्डात आली, डॉक्टर-इंजिनिअर झाली. त्या मार्कांच्या मागे रात्री तीनला उठून पाणी भरणाऱ्या किती आया आहेत, हे मला फार उशिरा सुचलं. तेव्हा मी कूस बदलून पुन्हा झोपायचे. पाण्याचा आवाज येत असताना झोप फार छान लागायची.

मग 2016 साल आलं. लागोपाठ दोन वर्षं पाऊस निम्म्यावर आला होता, मांजरा धरण कोरडं पडलं होतं, आणि शहरातला नळ येणं बंदच झालं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ 144 कलम लावलं, माणसं भांडतील म्हणून. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. पाडव्याला घरी जायचं ठरवलं, तिकीट काढलं, आणि आईचा फोन आला. "बाई, या पाडव्याला येऊ नकोस." मला वाटलं, कुणी आजारी आहे. "नाही गं, सगळे बरे हैत. एक माणूस वाढलं की दोन हंडे वाढतात." हे सांगताना तिचा आवाज इतका ओशाळलेला होता की मी पुढे काही विचारलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाच्या हातात आधी तांब्या देतात. नाव-गाव नंतर, आधी पाणी. वैऱ्यालाही पाण्याला नाही म्हणत नाहीत. आणि त्या वर्षी माझ्या आईला स्वतःच्या लेकीला सांगावं लागलं की सणाला येऊ नकोस. दुष्काळावर मी पुढे बरंच वाचलं. पण राहणीमान खालावतं म्हणजे काय होतं, ते मला त्या एका फोनमध्ये कळलं.

पाडव्यानंतर चारच दिवसांनी, 12 एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोचली. 10 वाघिणी, 5 लाख लिटर, कृष्णेचं पाणी. पुढे 50 वाघिणींच्या गाड्या आल्या, एकेका खेपेला 25 लाख लिटर. लोक स्टेशनवर गाडी बघायला गेले, बाबाही गेले. बाबा सांगत होते की एका म्हाताऱ्याने वाघिणीला हात लावून नमस्कार केला. गल्लीत टँकर आठ दिवसांनी येई, घरटी 200 लिटर. टिपाडांवर ऑइलपेंटने आडनावं घातलेली, काहींना साखळी आणि कुलूप. घरात आई आणि बाबा दोघंच, म्हणजे माणशी दिवसाला साडेबारा लिटर. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, संडास सगळं. अंघोळीचं पाणी परातीत बसून घ्यायचं, ते पाणी कपड्याला, कपड्याचं फरशीला, फरशीचं संडासात. तुळशीला भाज्या धुतलेलं. हेगच्या आमच्या घरात संडासाचं बटण एकदा दाबलं की सहा लिटर जातात. दोनदा दाबलं की आईचा तेव्हाचा एक दिवस संपला. इथला माणूस सरासरी दिवसाला सव्वाशे-एकशेतीस लिटर वापरतो. शिवाय संडासातही तेच प्यायचं पाणी असतं. हा हिशेब मी आईला कधी सांगितला नाही.

पहिल्या आठवड्यात आई शॉवरखाली गेलीच नाही. बादली मागितली. घरात बादली एकच, फरशी पुसायची, तर दुकानातून निळी बादली आणि एक मग आणला. दार लावून घेतल्यावर आतून पाण्याचा आवाज यायचा तो मोजून दहा-बारा मगांचा. माझा मुलगा दात घासताना नळ सुरू ठेवतो, ते बघून ती कळवळायची. "अरे राजा, काय करलालास, सांडूलालंय की सगळं." त्याला तिचं बोलणं निम्मं कळायचं नाही, पण तो नळ बंद करायचा. मीही कधी लातुरात अशीच कळवळायचे. ते माझ्यातून कधी गेलं, कुठल्या वर्षी गेलं, मला आठवत नाही. सुखाची सवय लागताना काही कळत नाही, आणि मला या गोष्टीचं वाईट वाटतं की आनंद, हे अजून ठरलेलं नाही.

एका रविवारी तिला मायेंडेलला नेलं. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्या आहेत त्या. आमच्या नळाचं पाणी तिथून येतं. मास नदीचं पाणी दुरून पाइपाने आणतात, टेकड्यांमधल्या तळ्यांत सोडतात, ते वाळूतून झिरपत सुमारे दोन महिने खाली उतरतं आणि मग उपसून घेतात. क्लोरीन घालत नाहीत, गरज पडत नाही. या टेकड्यांचं पाणी हेगला 1874 पासून मिळतंय. आईला मी चालता चालता सांगत होते. ती थांबली, वाकून मूठभर वाळू घेतली, बोटांतून सोडली आणि म्हणाली, "हे तर झिरंच की." मला क्षणभर कळेना. मग तिने सांगितलं. 1972 च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती. तेरणेकाठच्या गावात माहेर. नदी आटली की बायका पात्रातल्या वाळूत हातभर खड्डा करायच्या. थोड्या वेळाने तळाशी पाणी पाझरायचं, स्वच्छ, थंडगार. ते वाटीवाटीने घागरीत भरायचं. एक घागर भरायला तास जायचा. झिऱ्याला नंबर असायचा, रात्रीचाही. दिवसा खडी फोडायला जायचं, दुपारी सुकडी मिळायची, आणि रात्री झिऱ्यावर बसायचं. "वाळूतलं पाणी गोड लागतं," ती म्हणाली, "तुझ्या नळाचं गोड का लागतं, ते आज कळलं."

मी तिथे नुसती उभी राहिले. वाळू पाणी गाळते, हे माझ्या आईला सतराव्या वर्षी ठाऊक होतं. तिच्या आईला, आजीला ठाऊक होतं. इथल्या माणसांना काही वेगळी अक्कल होती असं नाही. एका ठिकाणी ती गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी सगळ्या गावाची झाली, त्यावर पंप बसले, पाइप पडले, माणसं पगारावर नेमली गेली. दुसऱ्या ठिकाणी ती बायकांच्या हातात वाटीएवढीच राहिली. आणि वाळूच उपसून ट्रकांतून नेल्यावर तीही गेली. आज तेरणेच्या त्या पात्रात वाळू नाही, आई सांगते, खाली काळा चिखल आणि वेड्या बाभळी आहेत.

लोक म्हणतात, तिकडे पाऊसच भरपूर, आपल्याकडे आभाळच कोरडं. मीही तसंच समजत होते. नेदरलँड्सचा वर्षाचा पाऊस साधारण 850 मिलिमीटर. लातूरचा सरासरी सात-आठशे. फरक आहे, पण कोरडा आणि ओला म्हणावा इतका नाही. इथे तो बारा महिने रिमझिमतो, वर ऱ्हाईन आणि मास या मोठ्या नद्या दुसऱ्या देशांतून पाणी घेऊन येतात. आपल्याकडे चार महिन्यांत, त्यातही चाळीस-पन्नास दिवसांत सगळा पडतो आणि उन्हाळ्यात वाफ होऊन जातो. हे सगळं खरं. पण त्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात ऊस उभा होता, हेही तितकंच खरं. माझ्या मामाचाही होता. उसाला हमखास भाव, कारखाना दारात, सोयाबीनचा भरवसा नाही, मग तो ऊस लावणार नाही तर काय करणार? मामाला मी दोष देऊ शकत नाही. पण एकाच घरात मामाच्या उसाला पाणी आणि आईच्या घागरीला नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

इथे पाण्याचं वेगळं सरकारच आहे. आमच्या भागाचं पाणीमंडळ डेल्फलँडचं, 1289 पासूनचं. देश राजाचा झाला, प्रजासत्ताक झाला, पुन्हा राजाचा झाला, आणि हे मंडळ आपलं बांध आणि कालवे सांभाळत राहिलं. त्याची वेगळी निवडणूक होते, वेगळा कर असतो. 2023 च्या मार्चमध्ये मी या देशात पहिल्यांदा मत दिलं ते या मंडळासाठी, कारण परदेशी पासपोर्टवर राहणाऱ्यालाही त्याला मत देता येतं. शाळेच्या व्यायामशाळेत केंद्र होतं. हातात लांबरुंद कागद, लाल पेन्सिल. मी गोल रंगवला आणि डोळे भरून आले. आमच्या वॉर्डात निवडणुकीआधी टँकर यायचे, टाकीवर मोठ्या अक्षरात उमेदवाराचं नाव. निवडणूक झाली की टँकरही गेले. पाणी कुणी मेहेरबानीने द्यायची गोष्ट आहे असंच मी समजत वाढले होते. पाण्यासाठी आपण मत द्यायचं, कर भरायचा आणि मग विचारायचं की का आलं नाही, हे मला पस्तिशीत शिकायला मिळालं.

अर्थात इथे हे सगळं सहज आलेलं नाही. देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली. 1953 च्या 31 जानेवारीच्या रात्री बांध फुटले आणि 1836 माणसं बुडून गेली. आम्ही पाणी नाही म्हणून मेलो, हे पाणी आलं म्हणून. त्यानंतर त्यांनी जे बांधायला घेतलं ते चाळीस-पंचेचाळीस वर्षं बांधत राहिले.

आमच्या शेजारी एक आजी राहतात, नव्वदीच्या आसपास. एकट्या. त्यांना भेटायचं तर आठवडाभर आधी ठरवावं लागतं, आईला हे फार चमत्कारिक वाटायचं. तरी दोघींचं जमलं. भाषा एकीची दुसरीला येत नाही. आई पोळी घेऊन जायची, आजी फुलं द्यायच्या. एकदा त्या आमच्याकडे कॉफीला आल्या आणि ओट्यावरची झाकलेली भांडी त्यांनी पाहिली. हो, मी ओतल्यानंतरही आई भरायचीच, फक्त आता दोनच पातेली आणि कोपऱ्यात, मला अडचण होऊ नये अशी. आजींनी विचारलं, हे काय? मी जरा ओशाळून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की 1944-45 च्या हिवाळ्यात हेगमध्ये खायला काही उरलं नव्हतं. त्या तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. ट्युलिपचे कांदे उकडून खाल्ले, त्याची कडवट चव अजून जिभेवर आहे. मग त्या उठल्या, आईचा हात धरून तिला आपल्या घरी घेऊन गेल्या, मीही मागे गेले. त्यांनी कपाट उघडलं. आत पावाच्या वाळवलेल्या चकत्यांचे डबे, एकावर एक, कपड्यात गुंडाळून ठेवलेले. शिळा पाव त्यांनी ऐंशी वर्षांत कधी टाकलेला नाही. आईने डब्यांना हात लावला, मान डोलावली. मला भाषांतर करावं लागलं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. घर बदलतं, नळ बदलतो, उत्पन्न दहा पटीने वाढतं, आणि अंगातली भीती तशीच राहते. आजींच्या देशात ऐंशी वर्षांपूर्वीची भूक अजून कपाटात आहे. मग आमच्या लातूरचं काय? उद्या तिथे चोवीस तास पाणी आलं, आणि ते यावं म्हणून मी रोज मनातून हात जोडते, तरी माझ्या आईच्या पिढीची जाग तीन वाजता यायची कधी थांबणार? मला विचाराल तर राहणीमान म्हणजे रात्री घोर नसणं. पगार, गाडी, घराचे चौरस फूट हे त्यानंतरचं. इथे मला पाण्याचा घोर नाही, पोराच्या शाळेच्या फीचा नाही, आजारपणाच्या बिलाचा फारसा नाही. तो गेल्यावर किती जागा मोकळी होते मनात! पण त्या जागेत माणसं आली असती तर बरं झालं असतं. ती येत नाहीत. आईने एकदा विचारलं, "पाणी एवढं हाय, प्यायला कोण येतं गं तुमच्याकडं?" पार्सलवाला पोरगा आला की ती तांब्या नाही म्हणून स्टीलचा पेला भरून दारात जायची. पहिल्या दिवशी तो गोंधळला. दुसऱ्या खेपेला उभ्याउभ्या एका दमात प्याला, तोंड पुसलं, छातीवर हात ठेवून काहीतरी बोलला. आई परत गेल्यावर एकदा तो आला तेव्हा माझ्या खांद्यावरून आत बघत होता.

आई तीन महिन्यांनी लातूरला गेली. जाताना दोन्ही पातेली घासून, पुसून, पालथी घालून गेली.

2025 च्या हिवाळ्यात सरकारची एक पुस्तिका देशातल्या सगळ्या घरांत वाटली गेली, तशी आमच्याही पत्रपेटीत आली. युद्ध, सायबर हल्ला, पूर, काहीही होऊ शकतं, 72 तास आपलं आपण निभावता येईल अशी तयारी ठेवा. टॉर्च, रेडिओ, रोख पैसे, टिकाऊ खाणं. आणि पाणी, माणशी दिवसाला 3 लिटर. आम्ही तिघं, तीन दिवस, म्हणजे 27 लिटर. मी पुस्तिका घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. कुकर, किटली, दोन पातेली, फुलदाणी. मनात बेरीज केली. आईने त्या रात्री भरलेलं पाणी एका दिवसाला पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला, लातूरला तेव्हा दुपार होती. पुस्तिकेचं सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. ती लगेच कामाला लागली. बाटल्या काचेच्या घे, प्लास्टिकचा वास लागतो. आधी उकळत्या पाण्याने विसळ. गळ्यापर्यंत भर, हवा राहू देऊ नकोस. उन्हात ठेवू नकोस, जिन्याखाली अंधारात ठेव. महिन्याने बदल. मी लिहून घेत होते. तिच्या मागे अंगणातलं निळं टिपाड दिसत होतं, त्यावर आमचं आडनाव, रंग उडालेला. शेवटी मी म्हटलं, "आई, त्या दिवशी सकाळी मी तू भरलेलं सगळं ओतून टाकलं होतं..." पुढे मला बोलता येईना.

आई थोडा वेळ गप्प राहिली.

"ओतलंस ते ओतलंस," ती म्हणाली, "पण झाडाला तरी घालायचं होतंस गं. खिडकीत तुझं ते मोगऱ्याचं रोप सुकलालं होतं."